मकाव कुणाच्या नावावर?

चिलीच्या उत्तरेला अटाकामा वाळवंट आहे, जगातल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी एक. तिथल्या पिका नावाच्या ओअ‍ॅसिसजवळच्या जुन्या दफनभूमीत आणि आसपासच्या ठिकाणी माणसांबरोबर पोपटही सापडले आहेत. त्यातले काही मकाव आहेत. कोरड्या हवेत त्यांच्या ममी होऊन राहिल्या. काहींची चोच उघडी आहे, जीभ बाहेर आहे. काहींचे पंख उडताना पसरावेत तसे पसरलेले आहेत. इ. स. ११०० ते १४५० या काळातले हे पक्षी. या वाळवंटात मकाव राहत नाही, राहूच शकत नाही. त्याचं जंगल अँडीज पर्वताच्या पलीकडे, पाचशेहून जास्त किलोमीटरवर. म्हणजे कुणीतरी त्यांना लामांच्या तांड्याबरोबर बर्फाळ खिंडींतून जिवंत आणलं होतं.

२०२१ मध्ये या पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मी वाचली आणि लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसून राहिलो. संशोधकांनी हाडांचं आणि पिसांचं रासायनिक विश्लेषण केलं, तेव्हा कळलं की हे पक्षी त्यांना पाळणारी माणसं जे खात होती तेच खात होते. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत घालून पिकवलेला मका वगैरे. पिसं मात्र त्यांची वरचेवर उपटली जायची. नखं कापली जायची. ताटातलं खायला घालायचं आणि अंगावरचं उपटून घ्यायचं, दोन्ही एकाच घरात.

मी हे वाचत होतो कारण मला एक उत्तर द्यायचं होतं. माझ्या आतेभावाकडे, दादाकडे, निळ्या-पिवळ्या रंगाचा मकाव आहे. नाव गोट्या, वय सहा. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी कॅनडाला कायमची जाणार आहेत. फोनवर दादा म्हणाला, "तूच घे रे त्याला. तुझ्या अंगाखांद्यावर खेळतो तो. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही." आणि मग, जरा थांबून, "फॉर्मवर नाव तुझं टाकू ना?"

दादाच्या बोलण्यात खोट काही नव्हती. मागच्या पावसाळ्यात व्हिसाच्या आणि घर विकण्याच्या धावपळीत गोट्या अडीच महिने माझ्या पुण्यातल्या फ्लॅटवर होता. त्यामुळे मकाव पाळणं म्हणजे काय, हे मला रील्सवरून कळलेलं नाही.

रील्समध्ये मकाव मान हलवत नाचतो. ते खरं आहे, नाचतो. पण दिवस चोवीस तासांचा असतो. सकाळी उजाडलं की गोट्या ओरडायला सुरुवात करायचा, आणि संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. हे आपल्या राघूचं किलबिलणं नव्हे. बंद दारातून, हेडफोनमधून, मीटिंगमधल्या सहा माणसांपर्यंत पोचणारा आवाज. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'डी विंगमध्ये कुणाचं बाळ आजारी आहे का?' अक्रोड फोडणाऱ्या त्या चोचीने त्याने दोन चार्जर, पडद्याचा लाकडी दांडा आणि कीबोर्डवरची एंटरची कळ निकालात काढली. दर वीस-पंचवीस मिनिटांनी शिटायचा, त्यामुळे घरभर जुने पेपर. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट त्याला विष. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून मी माझे दोन्ही तवे आईकडे पाठवून दिले आणि बिडाचा तवा आणला.

दुसरी बाजूही सांगतो. मी खोलीबाहेर गेलो की तो एकच हाक मारायचा. मी "आलो" म्हटलं की गप्प. आठवड्याभरात तोच "आलो, आलो" म्हणायला लागला, माझ्याच आवाजात, माझ्याच कंटाळलेल्या सुरात. कुकरची शिट्टी तर अशी हुबेहूब काढायचा की मी दोनदा गॅस बंद करायला धावलो. रात्री झोपण्याआधी चोच चोचीवर घासत तो एक बारीक करकर आवाज काढतो. पक्षी निवांत असला की असं करतो. आणि तो लाजतो. खरंच. मकावच्या गालावर पांढरी, जवळजवळ उघडी कातडी असते. त्याच्याशी बोलायला लागलं की ती गुलाबी होते. फ्रान्समध्ये हाताने वाढवलेल्या पाच निळ्या-पिवळ्या मकावांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सांभाळणारी व्यक्ती त्यांच्याकडे बघून बोलत असली की गालावर लाली जास्त दिसते आणि डोक्यावरची पिसं जास्त वेळा फुलतात, असं त्यात आढळलं. त्यांच्या मनात नेमकं काय असतं हा दावा अभ्यासकांनी केला नाही. मीही करणार नाही. पण आपल्याकडे बघून कुणी लाल होत असेल तर त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

मग हा पक्षी माणसाच्या घरात आला कसा? तिथून मी वाचायला सुरुवात केली.

*

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात चाको कॅन्यन आहे. तिथे हजारेक वर्षांपूर्वी प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगडी वाडे बांधले. त्यातला सगळ्यात मोठा प्वेब्लो बोनितो, शेकडो खोल्यांचा. १८९७ मध्ये जॉर्ज पेपरने तिथली ३८ नंबरची खोली उकरली आणि तिच्यात लाल मकावांचे बारा सांगाडे मिळाले. जमिनीवर विष्ठेचा जाड थर होता. म्हणजे पक्षी तिथे मरून पडले नव्हते, तिथे राहत होते. लाल मकावचं सगळ्यात जवळचं जंगल मेक्सिकोत, दीड हजार किलोमीटरहून लांब. तेव्हा त्या प्रदेशात घोडा नव्हता, गाडी नव्हती, ओझ्याचं जनावरही नव्हतं. कुणीतरी हा करवादणारा, चावरा जीव पाठीवर टोपलीत घेऊन चालत आलं. अडीच महिन्यांच्या अनुभवावर सांगतो, त्या माणसाबद्दल मला प्रचंड आदर आहे.

२०१५ मध्ये या हाडांचं कार्बन डेटिंग प्रसिद्ध झालं आणि सगळ्यात जुने पक्षी दहाव्या शतकातले निघाले, इतिहासकार समजत होते त्याच्याही आधीचे. २०१८ मध्ये त्या भागातल्या चौदा पक्ष्यांचा डीएनए तपासला गेला. त्यातल्या बहुतेकांचा आईकडचा वंश एकच होता. याचा सरळ अर्थ, दर वेळी जंगलात जाऊन पक्षी पकडला जात नव्हता. वाटेत कुठेतरी कुणीतरी त्यांची पैदास करत होतं.

अशी पैदास करणारं एक गाव आपल्याला माहीत आहे, पण ते नंतरचं. उत्तर मेक्सिकोतलं पाकिमे, साधारण १२०० ते १४५० या काळात भरभराटीला आलेलं. तिथे मातीच्या खुराड्यांच्या रांगा सापडल्या. प्रत्येकाच्या तोंडाला गोल दगडी कडं आणि ते बंद करायला दगडाचंच बूच. उत्खननात शेकडो मकाव निघाले. हाडांच्या रसायनावरून कळतं की ते मक्यावर वाढले आणि बहुतेक तिथेच जन्मले. आणि त्यातले बरेचसे मेले तेव्हा साधारण वर्षाचे होते. लाल शेपटी पुरती वाढली की पक्ष्याचा बळी. चांगली निगा राखली तर पन्नास वर्षं जगू शकणारा जीव, त्याला एक वर्ष.

इथे मला एक इंजिनिअरी प्रश्न पडला. माणसाने इतकी शतकं मकाव पाळला, मग तो कुत्र्यासारखा, कोंबडीसारखा माणसाळला का नाही? उत्तर आकड्यांत आहे. कोंबडी वर्षात डझनांनी अंडी देते आणि सहा महिन्यांत तिची पिल्लं अंड्यावर येतात. मकावची जोडी एका वेळी दोन-तीन अंडी घालते, पिल्लू तीन महिने ढोलीत असतं आणि वयात यायला त्याला चार-पाच वर्षं लागतात. निवड करून स्वभाव बदलायला पिढ्या लागतात, आणि इथे एकेक पिढी म्हणजे आपला एकेक नगरसेवक. त्यात पाकिमे ओस पडलं, तिथली पैदासही संपली. आज घराघरांत असलेले मकाव हे त्या पक्ष्यांचे वंशज नाहीत. ते जंगलापासून फक्त काही पिढ्या लांब आहेत. गोट्याच्या डोक्यात जे सॉफ्टवेअर आहे ते अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलंच आहे, फक्त ते वन बीएचकेमध्ये चालतंय.

*

आपला आणि मकावचा धागा विचित्र ठिकाणी जुळतो. मार्च १५०० मध्ये पेद्रो आल्व्हारिश काब्राल तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून भारताकडे निघाला. एप्रिलमध्ये तो पोचला ब्राझीलच्या किनाऱ्यावर. ताफ्यातला पेरो वाझ दी कामिन्या याने १ मे १५०० या तारखेचं राजाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. किनाऱ्यावरची दोन माणसं जहाजावर आणली गेली. त्यांना काब्रालने बरोबर आणलेला एक करडा पोपट दाखवला. त्यांनी तो लगेच हातावर घेतला आणि किनाऱ्याकडे खूण केली, जणू असे आमच्याकडेही आहेत. मग कोंबडी दाखवली, तर तिला ते जवळजवळ घाबरलेच. पोपट ओळखीचा, कोंबडी परकी! पुढच्या दिवसांत तिथल्या लोकांनी मोठे, देखणे लाल पोपट आणले आणि खलाशांनी देवाणघेवाण करून ते घेतले. लाल आणि मोठे, म्हणजे मकावच.

पत्र घेऊन एक जहाज पोर्तुगालला परतलं. कामिन्या बाकीच्या ताफ्याबरोबर पुढे कालिकतला आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या पोर्तुगीज वखारीवर झालेल्या हल्ल्यात मारला गेला. मकावबद्दल इतकं जिव्हाळ्याने लिहिणारा माणूस केरळच्या किनाऱ्यावर संपला.

युरोपात ब्राझीलला काही काळ 'पोपटांचा देश' म्हणत. १५०२ चा प्रसिद्ध कांतिनो नकाशा बघा. ब्राझीलच्या जागी हिरवी झाडं आणि मोठाले लाल पोपट काढले आहेत. पुढे राजवाड्यांत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आणि चित्रांत मकाव आला. रुबेन्स आणि ब्रूगेल यांनी १६१५ च्या सुमारास मिळून रंगवलेल्या ईडनच्या बागेतही तो झाडावर बसलेला आहे. आधी हवी होती ती पिसं. आता हवा होता अख्खा पक्षी, लांबच्या देशावर आपला हात पोचतो हे पाहुण्यांना दाखवायला.

बोलणारा पक्षी ही हौस अर्थात आपल्याला नवी नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक कला आहे, आणि मराठीत शुकबहात्तरीतला पोपट बहात्तर गोष्टी सांगतो. पण आपला राघू आपल्याच पेरूच्या झाडावरून यायचा. मकाव समुद्र ओलांडून यायचा आणि एका पक्ष्यामागे किती वाटेत मरायचे याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. क्यूबात एक छोटा लाल मकाव होता. खायला मारला, पाळायला पकडला, घरटी लुटायला झाडं तोडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो संपला. संग्रहालयांत त्याची वीसेक कातडी उरली आहेत.

विसाव्या शतकात विमानं आली आणि मकाव मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. निळाशार हायसिंथ मकाव जगातला सगळ्यात लांब पोपट, शेपटीसकट साधारण मीटरभर. १९८० च्या दशकात जंगलातून असे निदान दहा हजार पक्षी पकडले गेले असा अंदाज आहे. ब्राझीलने १९६७ मध्येच वन्य प्राण्यांच्या व्यापारावर बंदी घातली होती. पण विकत घेणारे देश उघडे असले की बंदीला फार अर्थ उरत नाही. अमेरिकेने १९९२ मध्ये कायदा करून वन्य पक्ष्यांची आयात रोखली. युरोपीय संघाने २००५ मध्ये बर्ड फ्लूमुळे तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची.

स्पिक्स मकावसाठी ते उशिरा होतं. 'रिओ' सिनेमातला ब्लू आठवतो? तोच हा पक्षी. १८१९ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ स्पिक्सने ईशान्य ब्राझीलमध्ये त्याचा नमुना मिळवला. १९९० मध्ये जंगलात फक्त एक नर उरला होता. जातीची मादी नाही म्हणून त्याने दुसऱ्याच जातीच्या मादीशी जोडी जमवली होती. ऑक्टोबर २००० नंतर तो कुणाला दिसला नाही. बाकीचे सगळे ज्ञात स्पिक्स मकाव माणसांच्या पिंजऱ्यांत होते. त्यातला प्रेस्ली नावाचा एक तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोत घरात पाळीव म्हणून राहत होता, २००२ मध्ये त्याला ब्राझीलला परत नेलं. २०१९ मध्ये ही जात जंगलातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि जून २०२२ मध्ये पिंजऱ्यात वाढलेले आठ पक्षी ब्राझीलच्या कुरासा भागात सोडले गेले. ज्या हौसेने ही जात जंगलातून संपवायला हातभार लावला, त्याच हौसेच्या पिंजऱ्यांत तिचं बीज शिल्लक राहिलं. पाळणाऱ्यांच्या बाजूने बोलणारे लोक ही गोष्ट नेहमी सांगतात. ती खरी आहे, पण अर्धी.

*

आता भारत. आपल्या राघूला, म्हणजे गळ्यात गुलाबी पट्टा असलेल्या हिरव्या पोपटाला, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हे पेठेतल्या कित्येक आजींना आजही माहीत नाही. परदेशी मकावला मात्र देशातला वन्यजीव कायदा अनेक वर्षं लागूच नव्हता. आयातीवर नियम होते, पण पक्षी एकदा देशात आला की विचारणारं कुणी नाही. २०२० मध्ये केंद्राने लोकांना आपणहून माहिती देण्याची मुभा दिली. मग २०२२ ची कायदादुरुस्ती आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करणं बंधनकारक केलं. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, सगळं कळवायचं. दादा म्हणत होता तो हाच फॉर्म.

मी कोड लिहितो, त्यामुळे फॉर्मकडे माझं लक्ष जरा जास्त जातं. त्यात पक्षी कुणाचा हे विचारलेलं आहे. मी अठ्ठावीसचा आहे, गोट्या सहाचा. तो पन्नाशीला येईल तेव्हा मी बहात्तरचा असेन. घराचं कर्ज वीस वर्षांत फिटतं. फॉर्मवर नाव माझं लागलं तरी त्याच्यापुढे आणखी एक-दोन नावं लागणारच.

पण खरा प्रश्न वयाचा नव्हता. मकाव जंगलात जोडीने राहतो, थव्यात उडतो. सकाळ-संध्याकाळचं ते ओरडणं म्हणजे थव्याची हजेरी, कोण कुठे आहे याची विचारपूस. पेट शॉपसाठी पिल्लाला काही आठवड्यांचं असतानाच आईबापांपासून काढतात आणि सिरिंजने भरवतात, म्हणजे ते माणसाळतं. त्यानंतर त्याच्या लेखी थवा म्हणजे आपण. मी स्टँडअप कॉलवर असताना गोट्या त्रास देत नव्हता. माझी हजेरी घेत होता, आणि मी म्यूट होतो. असं दिवसाचे दहा तास झालं की बरेच पक्षी स्वतःची पिसं उपटायला लागतात. अटाकामात ती माणसं उपटायची.

मी दादाला नाही म्हटलं. तो चिडला. "पोरासारखा वाढवलाय रे त्याला, आणि तू परक्याला द्यायला सांगतोस?" वहिनी फोनवर रडली. आठ दिवस आम्ही बोललो नाही. मग मी त्याला साताऱ्याजवळच्या एका गृहस्थांकडे घेऊन गेलो. ते पक्षी विकत नाहीत. त्यांच्याकडे चाळीस फूट लांब जाळीची खोली आहे आणि त्यात त्याच जातीचा नऊ वर्षांचा एकटा नर. त्यांनी आधी डीएनए चाचणी करायला सांगितली, कारण मकावचा नर की मादी हे नुसतं बघून कळत नाही. रिपोर्ट आला. गोट्या मादी निघाली. दादा ते वाचून पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला. नाव बदलायचं नाही एवढीच अट घातली.

आत्ता गोट्या तिथे आहे, शेजारच्या वेगळ्या पिंजऱ्यात. दोघांना एकदम एकत्र सोडत नाहीत, चावाचावी होते. जमेल की नाही, सांगता येत नाही. चाळीस फूट म्हणजे अ‍ॅमेझॉन नव्हे, हेही मला कळतं. पण तिथे सकाळी ती ओरडली की उत्तर येतं, आणि ते उत्तर मराठीत नसतं.

एक काम माझ्याकडे राहिलं होतं. ऑफिसात प्रोजेक्ट सोडताना आम्ही पुढच्यासाठी सगळं लिहून ठेवतो. चाकोच्या पक्ष्यांनी काय खाल्लं हे आपल्याला हाडांवरून कळतं, पण त्यांना काय नावाने हाक मारायचे, ते काय बोलायचे, हे कुणीच लिहून ठेवलं नाही. म्हणून दादा, वहिनी आणि मी व्हिडिओ कॉलवर बसून गोट्याची चार पानी फाईल केली. गृहस्थांनी ती छापून जाळीबाहेर लावली आहे. शेवटचं पान असं:

डाळिंब आवडतं, आधी दाणे मोजल्यासारखं करते. पपईच्या बिया पहिल्या. झाडूला घाबरते, विशेषतः लाल झाडूला. डाव्या पायाने धरते. कुकरच्या तीन शिट्ट्या काढते, चौथी कधीच नाही. "आलो" म्हणाली तर येणार नाही, तुम्हाला बोलावते आहे. रात्री दिवा घालवण्याआधी तिच्याकडे बघून एकदा "झोप आता" म्हणा. पुढे जे कुणी सांभाळेल त्यांनी हा कागद फेकू नये, खाली आपली भर घालावी.